शंखवीराचा उत्तरभाग

८ नोव्हें., उंटरश्लाइसहाइम
कन्या रेवा (वय चौदा, मातेसह हॅनोव्हरनिवासिनी) फोनवर म्हणाली, दर महिन्याला माझ्याकडे येण्याचा तिला आता 'श्ट्रेस' होतो. नाताळनंतर यावे की न यावे, ती ठरवणार. मागून विभक्त पत्नीचा स्वर : "प्रेशर नको हं आणूस तिच्यावर." अस्मादिक धीरोदात्तपणे "गेनाऊ, गेनाऊ" (म्हणजे 'अगदी बरोबर') म्हणाले. मग कुकर विसरले. भाताची लापशी.

११ नोव्हें.
दैवी संकेत! गोगलगाय-वीराच्या जपानी चित्रपटाचा उत्तरभाग येथे लागतो आहे. पूर्वभाग बर्लिनला एकत्र पाहिलेला. रेवा तेव्हा पाच वर्षांची. नायक पोस्टातला कारकून, पाठीवर पत्नीने शिवलेला कापडी शंख. प्रत्येक संकटस्थळी उशिरा पोहोचे. तोवर खलनायक कंटाळून गेलेला. संवाद जपानी, खाली जर्मन अक्षरे. रेवाला वाचता येत नसे. मला येई, अर्थ लागत नसे. सबब सर्व संवाद तिच्या कानात मराठीत, स्वरचित.
मेसेज केला : येतेस? दोन निळ्या खुणा.

१४ नोव्हें.
रेवाचा फोन. पूर्वभाग तिने घरी पुन्हा पाहिला. तिची भाषा जर्मन, स्वर न्यायाधीशाचा. "मी उशिरा येईन, पण येईन" असे शंखवीर म्हणतच नाही म्हणे. "दमलो, घरी जातो" म्हणतो.
"भावानुवाद होता तो," मी.
"आणि व्हिलन? बंडोपंत?"
"तोही."
हसली की नाक ओढले, नेटवर्कमुळे निर्णय होऊ शकला नाही. येते आहे. या वेळेपुरती.

२२ नोव्हें.
उत्तरभाग : वैभवसंपन्न दुर्दैव. कापडी शंख जाऊन कार्बन फायबरचा आला. वीर सर्वत्र वेळेवर पोहोचतो, कार्य उरकतो, निघतो. पूर्वी उशीर झाला म्हणून लोकांसोबत चहा पीत बसे. तेच तर खरे शौर्य होते. पत्नी कथेतून अंतर्धान पावली आहे, कारण दिलेले नाही. (प्रस्तुत प्रेक्षकास विचारण्याचा अधिकार नाही.)
रेवा एक खुर्ची सोडून. पॉपकॉर्नही विभक्त.
शेवटी वीर गच्चीवर, खाली गर्दी. तो बोलला. अक्षरे उमटली : आता माझी वाट पाहू नका. हल्ली जर्मन समजते, हीच विपत्ती.
तोच कोपर टोचले. रेवा मधल्या खुर्चीवर सरकलेली. माझ्या दुप्पट वेगाने जर्मन वाचणारी मुलगी, मराठीत :
"बाबा, काय म्हणतोय तो?"
तिच्या कानाशी वाकलो.
"विचारतोय, नाताळनंतर भेटशील का."
गर्दीतली एक बाई वर पाहून काही उत्तरली. अक्षरे मी वाचली नाहीत. डोळ्यांत पाणी, दुसरे काय.
"ती काय म्हणाली गं?"
रेवाने तोंडात मूठभर पॉपकॉर्न कोंबले.

२३ नोव्हें.
हॅनोव्हरची गाडी उशिरा. आयुष्यात प्रथमच कृतज्ञ. फलाटावर थंडीत पुन्हा विचारले, त्या बाईचे उत्तर काय?
"थांब ना. भाषांतर चालू आहे."
मराठीत म्हणाली. माझ्या खिशात हात घालून उभी होती, स्वतःचे हातमोजे विसरली म्हणून.
मग गाडी, दुर्दैवाने, आली.