रतांब्याचा लाल रंग

खेड, मंगळवार, संध्याकाळ.

"नाही जमत तर सोड गो, कोणी रागावणार नाही." मी बारावीच्या केमिस्ट्रीपायी रडत होते तेव्हा बाबा म्हणाले होते. किती मायेने! मी सोडली. खरंच कोणी रागावलं नाही.

आज पडवीत कोकमं करायला रतांबे फोडत होते. बाजूला माझी लेक रमा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची केमिस्ट्री घेऊन बसलेली. एकच उदाहरण तिसऱ्यांदा चुकलं आणि तिने वही आपटली. लाल झालेला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि बाबांचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं. जसंच्या तसं.

"तू सोडलंस म्हणून मी पण सोडू?" वही उचलून आत गेली. पाठीवर माझी लाल बोटं.

मग हात धुतले. साबण लागला तसा लाल रंग निळसर काळा झाला. दरवर्षी होतो. का होतो, ते मी कधी कोणाला विचारलंच नाही. हीसुद्धा केमिस्ट्रीच, तिला ठाऊक असणार. आणि मी तिला सोड म्हणाले?

उद्या विचारणार आहे. "आई, मला वेळ नाहीये," म्हणेल, वर बघणारही नाही. तरी विचारेन. रमे, हा रंग का बदलतो, मला शिकवशील?