ओल्यावर शेड ठरवायची नाही

आबा,

रविवारी थोरल्याची बॉक्सिंगची लढत त्याच्या बापानेच मध्ये थांबवली. तुमच्या मुलाने, माझ्या धाकट्या भावाने. पोरगा जिंकत होता, आबा! तेव्हापासून आपली अर्धी डिंडोली वस्ती मला शहाणपण शिकवते आहे. शेजारीण म्हणाली, "ताई, एवढी मारामारी शिकवायची आणि ऐन वेळी घाबरायचं?" मी म्हटलं, "तुमचा मुलगा एक जिना चढून धापा टाकतो, आधी त्याच्याकडे बघा." निवृत्त झाल्यापासून माझी जीभ जरा जास्तच चालते, शाळेत निदान तास संपल्याची घंटा व्हायची. तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये घातलंत, सिस्टरांनी ताठ बसायला आणि स्पष्ट बोलायला शिकवलं, गप्प बसायला मात्र कुणी शिकवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा थोरला रांगत होता आणि धाकटा जन्मायचा होता. आज दोघेही व्यावसायिक बॉक्सर आहेत, आणि त्यांना घडवणारा एकटा त्यांचा बाप. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बॅग टांगली आहे, साड्यांच्या चिंध्यांनी ठासून भरलेली. तिच्यावर दोघे सकाळी तासभर ठोसे मारतात. बाप स्वतः एकेकाळचा किकबॉक्सर, त्यामुळे लहानपणी पोरांचे पाय आपोआप उठायचे. "पाय जमिनीवर! लाथा मारायच्या असतील तर गाढवं पाळतो," असं ओरडत त्याने दोघांना बॉक्सिंगला लावलं. धाकटा चिडला की इथल्या गुजरातीत कुरकुरतो आणि बाप मराठीत उत्तर देतो. पांडेसऱ्यातल्या मिल कामगाराच्या नातवांची नावं आता लढतींच्या पोस्टरवर छापून येतात. ती पोस्टरं मी घडी न घालता जपून ठेवते. माझ्या पदवीचा कागद कुठे आहे ते मला आठवत नाही.

तर रविवार. सहा फेऱ्यांची लढत, चार झाल्या होत्या, चारही आपल्या. थोरला कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसतो, घामाने चकचकतोय, हसतोय. लोक ओरडताहेत, "एकदम फ्रेश छे!" तुमचा मुलगा पाणी देत नाही, सूचना देत नाही. टॉवेल घेतो आणि पोराचं तोंड पुसतो. कपाळ, डोळ्यांच्या कडा, ओठ, पार कोरडं करतो. मग त्याची हनुवटी दिव्याकडे वळवतो आणि बघत राहतो. मी पहिल्या रांगेत होते. कोरड्या झालेल्या त्या चेहऱ्याचा रंग गेला होता, आणि एक डोळा बापाकडे होता, दुसऱ्याचं लक्ष लागत नव्हतं. बापाने पंचांना हात केला. संपलं. हॉलभर शिट्ट्या. आतल्या खोलीत धाकटा ओरडला, "पप्पा, आ शुं कर्युं?" थोरला रडत होता. "मी जिंकत होतो, पप्पा!" तुमचा मुलगा म्हणाला, "हो, जिंकत होतास. शर्ट घाल, डॉक्टरकडे जायचंय."

ते तोंड पुसणं मी ओळखलं, आबा. लहानपणी मी आणि तो तुमचा डबा घेऊन मिलच्या रंगखात्यात यायचो तेव्हा तुम्ही तागा उलगडून त्याचा कोपरा पिळायचात, इस्त्रीखाली कोरडा करायचात आणि दारात उजेडाला धरायचात. ओला कपडा खोटं बोलतो, रंगाची छटा गडद दाखवतो. "ओल्यावर शेड ठरवायची नाही," तुम्ही म्हणायचात. मला वाटायचं, हा माझा भाऊ ऐकतच नाही, ह्याचं लक्ष डब्यातल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर.

आणि पुढे तो स्वतः लढायला लागला, तेव्हा एक दिवस तुम्ही त्याच्या लढतीच्या हॉलमध्ये आलात. रंगाने कोपरापर्यंत निळे झालेले हात, तसेच मिलमधून. तो गुणांनी पुढे होता. तुम्ही रिंगच्या दोरखंडाशी उभे राहिलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "चाल घर." सगळा हॉल हसला. त्याच्या पांढऱ्या बनियनवर तुमची पाच निळी बोटं उमटली होती. तो पुन्हा कधी लढला नाही. घरी आल्यावर त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. म्हणालात, "बापाला कोणी सांगावं लागतं का?" पुढे कित्येक वर्षं तो तुमच्याशी कामापुरतं बोलला, तुम्ही ते ऐकून घेतलंत, आणि माझं नाव घेतलं नाहीत.

त्या लढतीच्या आदल्या दिवशी सरावात त्याच्या डोक्याला लाथ लागली होती. तो मोरीत ओकला आणि कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मी ती मोडली, पांडेसऱ्याला तुमच्या मिलपर्यंत चालत येऊन मोडली. तुम्हाला हे ठाऊकच आहे. ठाऊक नसलेलं पुढे आहे.

थोरला बरा आहे. डॉक्टर म्हणाले, थोडी विश्रांती, मग पुन्हा तपासणी, आणि सगळं ठीक असेल तर पुन्हा रिंग. त्याच संध्याकाळी रिक्षात तुमचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर तो ओला टॉवेल. म्हणाला, "ताई, आबांचं बरोबर होतं तेव्हा. पण सराव त्यांनी पाहिला नव्हता, मग त्यांना कळलं कसं?" साठी उलटलेली मी, अख्ख्या डिंडोलीला तोंडावर उत्तरं देणारी. "मी सांगितलं," एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "आबांना सगळं कळायचं."

पुन्हा तुमच्यावरच ढकललं. हे पत्र खरं तर त्याच्या हातात द्यायला हवं. पोस्टरांच्या गठ्ठ्याखाली ठेवते आहे, तिथे तो कधी हात घालत नाही.