एकोणीस कातडी आणि एक मोकळी ओळ

लिहून ठेवणार मी, धंदा खाटकाचा, वय वर्षे छप्पन्न, राहणार आमच्याच दुकानामागच्या दोन खोल्या. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय ठिकाणावर नसल्याचेही त्यांनीच सांगितले, म्हणून ही घाई. हा कागद मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. एका माणसाला थोडा धाक बसला तर मात्र हरकत नाही.

कलम एक, वारस. बायको अल्लाला प्यारी झाली. मागे दोघेच: माझी एकुलती एक लेक आणि माझे मोठे भाऊ, ज्यांना मी भाई म्हणतो. आमच्या धर्माच्या कायद्याने अर्धे लेकीचे, अर्धे भाईंचे. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मालमत्ता म्हणजे एक दुकान आणि या दोन खोल्या. भाईंनी अर्ध्यावर बोट ठेवले की दुकान बंद आणि लेक रस्त्यावर. भाईंना स्वतःचे तीन मजले आहेत. तिसऱ्यावर कोणी राहत नाही.

कलम दोन, सुऱ्या. चार सुऱ्या, धार लावायची सळई आणि लाकडी ओंडका वाटणीत येत नाहीत. परवाच दोन साक्षीदारांसमोर लेकीच्या हाती दिल्या. जिवंतपणी दिलेली भेट वाटली जात नाही. भाई तिथेच होते. म्हणाले, "बाईच्या हातची कुर्बानी?"

साक्षीदारांतले मौलवीसाहेब म्हणाले, "सुरीला धार हवी, जिभेवर अल्लाचं नाव हवं. बाई की पुरुष, हा प्रश्न कुठून आला?"

"तरी पण, लोक काय म्हणतील?"

लेक म्हणाली, "मोठे अब्बा, आधी बोकडाला विचारू का?"

आधी पाणी पाजायचे, जनावरासमोर धार लावायची नाही, एकाला दुसऱ्याचे मरण दिसू द्यायचे नाही. हे अंगात मुरायला मला तीस वर्षे लागली. तिला बकरी ईदचे तीन सण पुरले.

कलम तीन, कातडी. कुर्बानीच्या जनावरातून खाटकाची मजुरी देता येत नाही, ना मांस ना कातडे. हे भाईंना माहीत आहे. तरी दर सणाला, माझे हात धुऊन व्हायच्या आत ते म्हणत, "कातडं तू ठेव रे. घरच्या माणसाला कसली मजुरी?" मी धाकटा. मान हलवायचो. म्हणजे त्यांच्या कुर्बानीत खोट राहिली आणि त्या खोटेत माझाही हात आहे. म्हणून एकही कातडे विकले नाही. प्रत्येकाला मीठ लावले, कमावून घेतले, घडी घालून माळ्यावर ठेवले. एकोणीस भरली. पांढऱ्या कपाळाच्या त्या बोकडाचेही आहे, ज्याला हार घालून भाईंनी गल्लीतून दोनदा फिरवला होता. पहिल्या फेरीत फोटो नीट आले नव्हते. सगळी भाईंना परत द्यावीत. घरात अंथरावीत, वर नमाज पढावी. मजुरी मी माफ केली.

भाईंच्या बोकडांचे वाटे मीच पाडत आलो, म्हणून तेही लिहून ठेवतो. एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. घरचा वाटा फ्रीजमध्ये. हा फ्रीज सणाच्या आदल्या आठवड्यात आला. नातलगांचा वाटा, काम अडकले होते त्या साहेबांकडे. गरिबांना मान आणि नळ्या, त्याही लवकर आले तर.

इथवर लिहिले तेव्हा भाई दारात आले. "काय लिहितोस?"

"मृत्युपत्र."

"काय हे अभद्र! आणि मला काय ठेवलंयस?"

"एकोणीस वस्तू."

खूश होऊन गेले.

कलम चार, मागणे. दुकान आणि दोन्ही खोल्या पूर्णपणे लेकीला मिळाव्यात, ही माझी इच्छा. वारसाला वाट्यापेक्षा जास्त द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते, तीही माझ्या मरणानंतर. तेव्हा भाई, आता तुमच्याशीच बोलतो.

तुम्ही एकोणीस बोकड दिलेत. त्यातल्या एकाशीही तुमची आठवड्याहून जुनी ओळख नव्हती. पैगंबर इब्राहिमांकडे अल्लाने पोटचा पोर मागितला होता. मी फक्त भिंती मागतो. मी दवाखान्यात होतो तेव्हा तुम्ही दुकानाची रुंदी पावलांनी मोजलीत, लेकीने पाहिले. म्हणजे या जागेवर तुमचा जीव आहे. उत्तम. जीव आहे तेच तर द्यायचे असते.

सही केली नाहीत तरी माझा शाप नाही. कातडी तरीही मिळतील, त्यांना अट नाही. आणि लेक तुमचा बोकड तितक्याच हळुवार हाताने कापेल. लहानपणी अब्बांनी सुरी हाती दिली तेव्हा तुम्हाला भोवळ आली होती. त्यात लाज कसली? तेव्हापासून तुमच्या वतीने सुरी मीच धरली. पण या एका कुर्बानीला खाटीक मिळणार नाही. हात तुमचाच लागेल.

ठिकाण: दुकानातला ओंडका, धुऊन पुसून.
तारीख: सणाला अकरा दिवस बाकी.

लिहून ठेवणाराची सही: केली.
साक्षीदार: मौलवीसाहेब (सही), कातडी कमावणारा (अंगठा, मोजून एकोणीस म्हणाला).

मोठ्या भावाची संमती, माझ्या मरणानंतर, फोटो न काढता:

……………………………