नुसते ओठ हलव

१४ जून

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. तुझी बोट कुठल्या बंदराला लागेल आणि हे पत्र तुझ्या हातात कधी पडेल, कोण जाणे. मी सुखरूप पोचले आणि कामावर रुजूही झाले, एवढं आधी वाचून घे. बाकीचं सावकाश वाच.

शाळेने संगीताला जी खोली दिलीय ती आपल्या वेळची भूगोलाची. नकाशांचे खिळे अजून भिंतीत आहेत, त्यांना मी व्हायोलिनं टांगलीत. पाचवी ते आठवी मिळून एकशे दहा मुलं. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "बाई, तुम्ही वाद्यवृंदात टीव्हीवर दिसायचात ना?" म्हटलं, "चौथ्या रांगेत, खांबाच्या मागे."

रविवारचा ऑर्गन आणि क्वायर दोन्ही माझ्याच गळ्यात पडलंय. पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आणि भारी घाईचे. म्हणाले, "बाई, क्वायर म्हणजे नुसती गर्दी झालीय. एकेकाची परीक्षा घ्या आणि निम्मे ठेवा." मी हो म्हणून बसले. आता काढायचं कुणाला? त्या गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी मला कडेवर घेतलेलं आहे.

आई ठणठणीत आहे. शिवणाचा वर्ग अजून घेते, सात मुली येतात. तोंडात टाचण्या धरून बोलते, आणि काय म्हणाली ते कळलं नाही की रागावते. माझी खोली आवरून ठेवली होती, गादीला नवी खोळ शिवली होती. मी आल्याचं तिला बरं वाटलंय. तसं म्हणाली मात्र नाही.

आई अजून क्वायरमध्ये तशीच दणदणीत गाते का, असं तू विचारलंस. असते क्वायरमध्ये. दुसऱ्या रांगेत, त्याच जागी. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, आज वह्या तपासायच्या आहेत.

तुझी टिटवी


२ जुलै

प्रिय दादा,

सलाम. वह्यांचं खोटं होतं. संगीताच्या कसल्या आल्यात वह्या.

इथे सगळे म्हणतात, मुलगी म्हाताऱ्या आईसाठी परत आली. मी मान डोलावते. वाद्यवृंद बंद पडला म्हणून आले, हे तुला तरी खरं सांगते. आणि एक खरं सांगायला बसले आहे तर दुसरंही सांगून टाकते.

ऑर्गनवर तो छोटा आरसा आहे ना, वाजवणाऱ्याला मागची क्वायर दिसावी म्हणून लावलेला, त्यात पहिल्या रविवारी मला आई दिसली. प्रत्येक शब्दाला बरोबर तोंड उघडत होती, श्वासही बरोबर जागी घेत होती. आवाज नव्हता. आधी वाटलं, आपल्याच कानाला काहीतरी झालंय. दुसऱ्या गीताला मी ऑर्गन अगदी हळू केला आणि कान देऊन ऐकलं. नर्सबाईंचा आवाज आला, पोस्टमास्तरांचा आला. आईचा नाही.

चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा तू बोटीवर होतास. मी बावीस वर्षांची, वाद्यवृंदात नुकतीच लागलेली, पाय जमिनीवर नव्हते. त्या उपासनेला शहरातून माझे सर येणार होते. आईचा आवाज तुला माहीत आहे. सुरात सगळ्यांपेक्षा अर्धी पायरी खाली आणि सगळ्यांच्या वर ऐकू येणारा. तालमीत मला नुसती लाज वाटत राहिली. संध्याकाळी ती माझ्याच कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी म्हणाले, "आई, उद्या तू नुसते ओठ हलव."

तिने बाहीवरून इस्त्री फिरवली आणि म्हणाली, "बरं."

ना भांडण, ना डोळ्यांत पाणी. मला वाटलं, किती समजूतदारपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी सरांनी माझं कौतुक केलं आणि मी ते विसरूनही गेले. दादा, त्याला सव्वीस वर्षं झाली. मी एका दिवसाचं सांगितलं होतं. मधे सुट्टीला यायचे, तेव्हा कधी कान देऊन ऐकलंच नाही.

गेल्या शनिवारी परीक्षा घेतली. एकेकाने आत यायचं आणि एक कडवं म्हणायचं. पोस्टमास्तर झाले, बेकरीवाले झाले, मग आई आली. पिशवी बाकावर ठेवली, पदर सारखा केला, गीतपुस्तक हातभर लांब धरलं. मी सूर दिला. तिने सबंध कडवं ओठांनी म्हटलं. मीही चारही ओळी शेवटपर्यंत वाजवल्या, थांबायचं सुचलंच नाही.

"आई, आवाज काढ ना."

"तूच नको म्हणाली होतीस."

"एका दिवसापुरतं गं."

"तसं काही म्हणाली नव्हतीस."

"मग क्वायर सोडली का नाहीस?"

"का सोडू? शब्द मला आवडतात. आणि तिथून ऑर्गन जवळून ऐकू येतो."

मला रडू फुटलं. म्हटलं, "माझं चुकलं. तू छान गातेस."

तिने पुस्तक मिटलं. "छान गात नाही. आता आणखी खोटं बोलू नकोस. सूर खाली जातो, हे मला तेव्हाही कळत होतं. वर कसा न्यायचा ते कळत नव्हतं. माझ्याकडे मुली येतात, बाही उलटी लावतात. मी म्हणते, उसव आणि पुन्हा लाव. तू शिवू नकोस, नुसती सुई हलव, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही."

मग पिशवी उचलली. "पुढच्याला पाठवते," म्हणाली आणि गेली.

तुझी टिटवी


३० ऑगस्ट

प्रिय दादा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. तू मला काहीच बोलला नाहीस, त्यापेक्षा चार शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या त्याच संध्याकाळी मी आईला विचारलं होतं, "शिकशील माझ्याकडे?"

म्हणाली, "शिकवणार असशील तर. उगाच कौतुक करायचं नाही."

मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटली की ती भूगोलाच्या खोलीत येते. दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. एकोणिसाव्या वर्षी ती क्वायरमध्ये गेली तेव्हा मैत्रीण वरच्या आवाजांच्या रांगेत उभी होती, म्हणून हीही तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मुळात खालचा. इतकी वर्षं कुणी तपासलंच नाही, मीसुद्धा. मी पट्टी बरीच खाली घेतली आणि तिला एक लांब सूर धरायला लावला. ती मध्येच थांबली.

"हे काय झालं?"

"लागला."

"परत दे."

सोपी विद्यार्थिनी नाही हं. सव्वीस वर्षं आवाज बसून राहिलेला, वर वय चौऱ्याहत्तर. कधी दम पुरत नाही, कधी खोकला येतो. घोटभर पाणी पिते आणि पुन्हा उभी राहते. एकदा माझ्या तोंडातून "वा" निसटलं, तर तिने असं बघितलं की बास.

पाळकसाहेबांना सांगून टाकलं, कुणालाही काढणार नाही, ज्यांचं बिघडतं त्यांनी मंगळवारी माझ्याकडे यावं. ते म्हणाले, "मग संख्या कमी कशी होणार?" म्हटलं, "नाहीच होणार." बेकरीवाले आता येतात. त्यांच्या हाताचा पाव जितका हलका, तितका आवाज जड. पण येतात.

काल रविवार होता. आई खालच्या आवाजांच्या रांगेत, नर्सबाईंशेजारी उभी राहिली. आरशात बघायचा मला धीर झाला नाही, मी नुसती ऐकत होते. तीन ओळी सरळ गेल्या. चौथीत सूर घसरला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. पोस्टमास्तरांनी मागे वळून पाहिलं असणार, त्यांच्या बाकाचा आवाज झाला. ती थांबली नाही. मीही नाही.

घरी येताना रस्त्यात म्हणाली, "चौथ्या ओळीत घसरले ना?"

काही नाही गं, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "हो. अर्धी पायरी."

"मग मंगळवारी तीच ओळ घेऊ," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चालायला लागली. चालताना तीच ओळ गुणगुणत होती. चुकीचीच.

पत्र इथवर लिहून आईला वाचायला दिलं. मागच्या पत्रात काय लिहिलं होतं तेही तोंडी सांगितलं. तिने शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, कागद परत दिला आणि म्हणाली, "पाठव. त्याला कळलेलं बरं."

सव्वीस वर्षं उशिरा शिकवायला लागलेली,
तुझी टिटवी