काळे बूट, आखूड पँट आणि धाकट्याची सही

मी, खाली सही करणारा टेलर, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आहे. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवतो, यापेक्षा मोठा पुरावा डॉक्टरांकडेही नाही. कोणाच्याही दडपणाखाली न येता, बायकोच्यासुद्धा, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीला. तिने ती मुलांच्या हाती देऊ नये. हे तिला सांगायची गरज नाही, तरी लिहिले.

२. दुकान, दोन्ही मशीन व मोठी कात्री मुलीला. "बाईमाणूस पुरुषांच्या पँटी शिवणार?" असे नाक मुरडणारे व्याही तेव्हा तिनेच शिवलेली पँट घालून बसले होते, याची नोंद व्हावी.

३. माझे घोट्यापर्यंतचे काळे चामडी बूट मुलाला. चोवीस वर्षे रोज घातले, दोनदा तळ बदलला. हा पठ्ठ्या ऑफिसला, बाजारात, लग्नाला तेच ते रबरी बूट घालून जातो. बघून माझे डोके उठते. बाबा रे, हे बूट कशावरही चालतात. निळ्या जीन्सवर घाल, फक्त मोहरी, म्हणजे खालचा घेर, अरुंद हवी आणि खाली एकच घडी. करड्या पँटवर घाल, पांढरा शर्ट, वर साधा स्वेटर. पँट बुटाला जेमतेम टेकावी, त्यावर गोळा होऊ नये. पट्टा काळाच. मोजे लांब घे, बसल्यावर नडगी दिसता कामा नये. अर्ध्या चड्डीवर घातलेस तर हे कलम रद्द समजावे.

४. हे बूट माझ्या धाकट्या भावाने बनवले. त्याला मी काहीही ठेवत नाही. घरचे भडकतील, म्हणून कारण लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी हेडमास्तरांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी पँट मी शिवली, बूट त्याने. तो मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेला होता, "दादा, टाच बोटभर वाढवलीय. बूट घालूनच माप घे." मी घाईत होतो. चपलेवरच टेप लावला. व्यासपीठावर पँट आखूड दिसली आणि सगळी शाळा हसली. हेडमास्तर तणतणत आले, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "टाच वाढवली हे मला कोणी सांगितलंच नाही." धाकटा समोरच उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला. त्याची गिऱ्हाइके तुटली, दुकान बंद पडले. आज तो कारखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली तळ चिकटवतो. मी खोटे बोललो होतो. मला त्याची लाज वाटते.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये. मला तो साक्षीला हवा आहे. म्हणून त्याला काही नाही. सहीपूर्वी हे कलम त्याच्या आणि हेडमास्तरांच्या समोर मी स्वतः मोठ्याने वाचीन. तो आला नाही तर मी सही करणार नाही. मग बसा भांडत.

ठिकाण: दुकान. तारीख: सतरा नोव्हेंबर, सकाळी अकरा.

सही: टेलर

साक्षीदार पहिले: निवृत्त हेडमास्तर. वाचन ऐकले. नऊ वर्षे मी भलत्याच माणसावर रागावलो होतो.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, बूट कारागीर. सही केली आहे. दादा, खोटं फटकन बोललास आणि खरं बोलायला तुला मरणाचा कागद लागला? माझा राग गेलेला नाही. वहिनी जेवायला थांब म्हणतेय. थांबतो.