अर्धा सेकंद

माय, अड्याळच्या ज्या राईस मिलमध्ये तू जन्मभर धान झाडलंस, तिथंच यंदा मी इंजिनिअर म्हणून गेले. खुर्चीत आता जुन्या शेठचा मुलगा बसतो.

तुझ्या वेळी धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरखालच्या खड्ड्यात सांडलेलं धान भरायला एक बाई उतरायची. एलिव्हेटरचा पट्टा चालूच असायचा आणि तू वर स्विचपाशी उभी. खालच्या बाईनं सारखं बोलत राहायचं, हा तुम्हा बायकांचा नियम. सासूची निंदा, भाजीचा भाव, काहीही चालायचं. आवाज थांबला की तू विचारत बसायची नाहीस, सरळ स्विच पाडायचीस. एकदा ती बाई नुसती तंबाखू तोंडात टाकायला थांबली आणि तू मिल बंद केलीस. शेठ धावत आला, ‘काहून बंद केली वो बाई? काय झालं?’ तू म्हणालीस, ‘काय झालं थे मालूम नोयतं जी, म्हणूनच त बंद केली.’ सगळ्यांसमोर तुला बोलणी बसली. डबा घेऊन आलेली मी दारात उभी होते. मला तुझी लाज वाटली होती.

आता ते काम नेटवर्क करतं. खड्ड्यापाशी मी एक डबी बसवली आहे, तिची दोरी ओढली की इथरनेटच्या तारेवरून मोठ्या पॅनलला खबर जाते आणि पट्टा थांबतो. शिवाय ती डबी त्याच तारेवरून पॅनलला सारखं ‘मी आहे, मी आहे’ कळवत राहते. अर्धा सेकंद खबर आली नाही की पॅनल आपणहून पट्टा थांबवतं. यंत्रांच्या अशा बोलण्याच्या नियमांना आम्ही प्रोटोकॉल म्हणतो. ते शिकायला मला चार वर्षं लागली, बघ!

पण मिल दिवसातून दहादा बंद पडायला लागली. नवा शेठ कावला. ‘म्याडम, काही नसताना बंद होऊन राहिली ना जी! त्या अर्ध्याचे दहा सेकंद करून टाका, नाही त मी दुसऱ्याले बोलावतो.’ माझं स्वतःचं हे पहिलंच काम. मुकाट्यानं दहा करून टाकले. मिल झकास चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहवेना म्हणून परत गेले आणि सगळी तार हातानं चाचपत शोधली. माझ्याच माणसांनी ती मोटरच्या जाड केबलला बांधून नेली होती, त्यामुळे मधेच खबर बिघडत होती. दोन्ही वेगळ्या केल्या, अर्धा सेकंद परत लावला. मिल काही थांबली नाही. शेठनं शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

पण आदल्या दुपारी एक बाई खड्ड्यात उतरली होती, माय. खबर तुटली असती तर दोरी ओढूनही दहा सेकंद पट्टा फिरतच राहिला असता. हे तिला माहीत नव्हतं, मला होतं. मी ऑफिसात शेठसोबत चहा पीत होते. काचेतून तिला उतरताना पाहिलं आणि उठले नाही. तिला काही झालं नाही. हातपाय धुऊन ती घरी गेली.

तू असतीस तर हे मी तुला सांगितलं नसतं.