आठ इंच की अकरा इंच

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: एका निर्णयाची कारणमीमांसा लेखी राहावी. तेहतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने एखादी वस्तू 'आवडली म्हणून' घेणे शोभत नाही.

विषय असा. दादांचे आत्मकथन पूर्ण झाले आहे. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय चौऱ्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. काचबिंदू होता, आणि लक्षात आला तेव्हा उशीर झाला होता. दादांनी सांगायचे आणि पुतण्याने टाइप करायचे, असे करत दोनशे बारा पाने झाली. आता ती दादांसमोर एकदा मोठ्याने वाचायची, त्यांनी चुका सांगायच्या, आणि २८ तारखेला मजकूर छापायला द्यायचा. वाचक म्हणून दादांनी माझी निवड केली आहे. वहिनी वाचू शकतात, परंतु त्या स्वल्पविराम गिळतात, असे दादांचे निरीक्षण आहे.

पुतण्याने कागदी प्रत दिली. ती निरुपयोगी आहे. छपाई फिकट, अक्षरांना कडा नाहीत. सबब टॅब्लेट घेणे प्राप्त आहे.

हिचे म्हणणे, छपाई चांगली काळीभोर आहे, अहो, डोळे दाखवून या. विषयांतर क्र. १.

५ फेब्रुवारी
शोरूममध्ये पावणेदोन तास. उमेदवार दोन. लहान टॅब्लेट आठ इंची, कोटाच्या खिशात मावणारा. दादांचे घर दोन बस बदलून गाठावे लागते, हे येथे लक्षात घ्यावे. मोठा अकरा इंची. त्याच्या स्क्रीनवर इंचामागे ठिपके अधिक, म्हणून अक्षर अधिक रेखीव.

पूर्वपक्ष: जो सोबत नेता येत नाही, तो कितीही रेखीव असला तरी घरातल्या घरातच रेखीव. उत्तरपक्ष: जो वाचता येत नाही, तो खिशात असला काय आणि नसला काय. दोन्ही बाजू मीच मांडत असल्यामुळे वादाचा दर्जा उच्च राहिला. मध्येच विक्रेता म्हणाला की काका, मागे माणसं थांबलीत, कुठला पॅक करू? हा युक्तिवाद नव्हे.

सात दिवसांत बदलून मिळतो. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणालाही वाव आहे.

६ फेब्रुवारी
लहान घेतला. उद्यापासून रोज दहा पाने. एकवीस दिवसांत दोनशे दहा, उरलेली दोन २८ च्या सकाळी. गणित इतके निर्दोष आहे की वाचन हा केवळ उपचार उरला आहे.

७ फेब्रुवारी, सायंकाळी ७
पाने: शून्य. घरीच चाचणी घेतली. अक्षरे लोकरीची विणलेली दिसतात. चार्जरच्या बारीक दिव्याभोवतीसुद्धा एक वलय दिसते, म्हणजे उत्पादनातला दोष चार्जरपर्यंत पोहोचलेला आहे.

दादांना फोन करून कळवले की उद्या.

८ फेब्रुवारी
पाने: शून्य. अक्षरे मोठी करता येतात, हा शोध लागला. मोठी केली. आता स्क्रीनवर एका वेळी तीन शब्द मावतात. 'माझा जन्म एका' एवढे दिसते आणि कशात झाला हे पाहण्यासाठी बोटाने सरकवावे लागते. आठ इंचांची मर्यादा उघड झाली.

ही म्हणाली, तुम्हाला अकरा नाही, अकराशे इंची लागेल. निदान चष्मा तरी बदला. विषयांतर क्र. २.

दादांना फोन. परवा.

१० फेब्रुवारी
शोरूम. दोष दाखवला. विक्रेत्याने तोच टॅब्लेट हातभर लांब धरून अर्धे पान घडाघडा वाचून दाखवले. विकणाऱ्याची साक्ष ग्राह्य नसते. मोठा बदलून घेतला.

११ फेब्रुवारी
अकरा इंची स्क्रीनवर अक्षर निश्चितपणे सुधारले आहे. किती, हे सांगता येत नाही, परंतु निश्चितपणे.

दुपारी आडवे पडून वाचत असता तो हातातून सुटला. त्याच्या वजनाचा अनुभव नाकाला आला.

१२ फेब्रुवारी
दादांकडे निघालो. मोठा खिशात मावत नाही, म्हणून हिची भाजीची पिशवी घेतली. पहिल्याच थांब्यावर पिशवीचा बंद तुटला. टॅब्लेट वाचला, उत्साह वाचला नाही. परत आलो. सोबत नेण्याच्या सोयीचा मुद्दा मी कमी लेखला होता, हे प्रांजळपणे नोंदवतो. प्रांजळपणा हा विचारवंताचा पहिला गुण.

१३ फेब्रुवारी, सकाळी ८
दादांचाच फोन. म्हणाले, अरे, इंच मोजून झाले असतील तर ये. डोळे गेले, आता कानही नंबर लावून बसलेत. मला माझं पुस्तक एकदा नीट ऐकू दे, मग खुशाल मोजत बस.

दादांना उपकरणांची जाण नाही. आवाज मात्र थकलेला वाटला. उद्या नक्की जायचे.

१४ फेब्रुवारी
गेलो नाही. कंपनीला तीन पानी पत्र लिहिण्यात दिवस गेला. पत्रात प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण या क्रमाने स्क्रीनचा अस्पष्टपणा सिद्ध केला आहे.

१६ फेब्रुवारी
कंपनीचे उत्तर आले. एकच ओळ: स्क्रीन मऊ कापडाने पुसावी.

पुसली. चष्मा पुसला. खिडकीची काचही पुसली. फरक नाही.

रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही हल्ली वलये असतात. नगरपालिकेने हलके दिवे बसवले असणार. जिन्याची शेवटची पायरी पूर्वीपेक्षा खोल झाली आहे. सकाळी चहा कपाच्या शेजारी ओतला गेला. या नव्या कपांना काठ असा नाहीच. एकूणच सर्वत्र दर्जा घसरला आहे. ही काही बोलली नाही, फडके आणून पुसले. तिचे न बोलणे हेही विषयांतरच. क्र. ३.

१७ फेब्रुवारी
आज सातवा दिवस. शोरूममध्ये पाऊल टाकताच कोणीतरी आत ओरडले की अरे, इंचवाले काका आले. आपला अभ्यास दखलपात्र ठरल्याचे समाधान वाटले.

पुन्हा लहान घेतला. निर्णय अंतिम, कारण विक्रेत्याने आता बदलून मिळणार नाही असे बजावले. जाताना तो हलक्या आवाजात म्हणाला, काका, रागावू नका, माझ्या आईचंही अस्संच झालं होतं. हिने त्याला आधीच गाठले असावे. विषयांतर क्र. ४, आणि तेही कटाने.

१९ फेब्रुवारी
अखेर दादांकडे. दादा पलंगावर उशीला टेकून, वहिनी खुर्चीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत. त्यांच्याजवळच्या स्टुलावर ती फिकट कागदी प्रत पडलेली.

तीन-तीन शब्दांनी वाचायला सुरुवात केली. अर्ध्या तासात सव्वा पान. दादा म्हणाले, अरे, तू वाचतोयस की खणतोयस?

तेव्हा माझ्या शिक्षणाने मला तारले. धूर दिसला की अग्नी आहेच. तद्वत वाक्याचा पहिला शब्द दिसला की उरलेले वाक्य अनुमानाने सिद्ध करता येते. दादा सरळ मनाचे, त्यांची वाक्येही सरळच असणार. ही पद्धत स्वीकारताच वेग वाढला. तासाभरात चौदा पाने! शिवाय अनुमानाला स्क्रीन किती रेखीव आहे याचा फरक पडत नाही, त्यामुळे लहान टॅब्लेट घेण्याचा निर्णयही योग्य ठरला.

दादांनी एकही चूक काढली नाही.

२१ फेब्रुवारी
काल बत्तीस पाने, आज एकेचाळीस. अजूनही एक चूक नाही. पुतण्याचे टायपिंग वाखाणण्याजोगे.

दादांनी एवढेच विचारले की वडिलांना मी 'कर्तव्यदक्ष' म्हटलंय? म्हटले, होय, स्पष्ट लिहिले आहे. दादा इतके हसले की वहिनींना पाणी आणावे लागले. वृद्धापकाळी आठवणींचा असा आनंद क्वचितच लाभतो.

२३ फेब्रुवारी, दुपारी ४
दादांकडून आत्ताच परतलो. घडले ते क्रमाने लिहितो.

नवे प्रकरण सुरू झाले. मथळा मोठ्या टाइपात होता, तो प्रत्यक्ष दिसला: 'धाकटा'. धाकटा म्हणजे मी. पुढचे अनुमान अवघड नव्हते. लहानपणापासून कुशाग्र, मितभाषी, सत्यप्रिय, असे पाऊण पान मी आवाजात योग्य तो संकोच ठेवून वाचले.

दादांनी हात वर केला. म्हणाले, छान आहे. कुणी लिहिलं?

मी म्हणालो, आपणच. दादांनी वहिनींना सांगितले की अगं, जरा कागद घे आणि धाकट्याचं पान वाच. वहिनींनी हातातला टॉवेल खाली ठेवला, कागदी प्रत उचलली आणि न अडखळता वाचू लागल्या. जसे ऐकले तसे उतरवतो:

धाकट्याला फळा दिसत नसे पण तो कबूल करायचा नाही मास्तर खडू वाचवतात म्हणायचा वर्गात उठवलं की पुढचं वाक्य अंदाजाने म्हणायचा आणि ते बहुतेक बरोबर निघायचं म्हणून कुणाला कळलं नाही मला कळलं कारण एकदा मी आईला लिहिलेलं पत्र त्याने माझ्यासमोरच वाचून दाखवलं आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

स्वल्पविराम त्यांनी खरोखरच गिळले. बाकी काही गिळले नाही.

दादा म्हणाले, तेव्हाही मी चार दिवस बोललो नव्हतो, मजा येत होती. याही वेळी आली. आपले वडील आणि कर्तव्यदक्ष! जन्मात त्यांनी घड्याळाला किल्ली दिली नाही.

मग म्हणाले, पण अरे, मीही असंच म्हणत होतो. वर्तमानपत्राची शाई फिकट झाली म्हणून संपादकाला तीन पत्रं लिहिली. चौथं लिहायला बसलो तेव्हा कागद कुठे आहे ते दिसेना.

वहिनींनी घड्या थांबवल्या होत्या. मला म्हणाल्या, भाऊजी, उद्या जाऊन या हं.

टॅब्लेट कोटाच्या खिशात ठेवला. तो अगदी सहज मावतो.

२४ फेब्रुवारी
डोळ्यांचे डॉक्टर. ही सोबत होती. भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. तिसऱ्या ओळीपासून खाली छपाई अपुरी आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. डॉक्टर म्हणाले, आजोबा, सकाळपासून तेरा जणांनी वाचलाय तो. मी अनुमानाने वाचू का असे विचारले. नको म्हणाले.

डोळ्यांत थेंब घातले, दिवे मारले, दाब मोजला. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काचबिंदू नाही ना, असे मी विचारले. नाही म्हणाले. पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी हिने विचारले. इतके दिवस ती विषयांतर करत आहे असे मी समजत होतो. तिचा विषय एकच होता.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ४ मार्चला. वीस मिनिटे लागतात. मी इंचांवर एकवीस दिवस घालवले.

२८ फेब्रुवारी
सकाळी अकराला पुस्तक संपले. चार दिवसांत पहिल्या पानापासून. वहिनी वाचत होत्या, दादा चुका सांगत होते, आणि मी जेथे जेथे योग्य तेथे 'स्वल्पविराम' असे म्हणत होतो. त्यासाठी दिसण्याची गरज नसते. चुका एकशे सहा निघाल्या. मी वाचली त्या पानांत सर्वाधिक.

शेवटी दादांनी आभाराची एक ओळ वाढवली: स्वल्पविरामांबद्दल धाकट्याचे. त्या ओळीत स्वल्पविराम नव्हता, तरी मी एक म्हणालो.

पुतण्या मजकूर घेऊन गेला. वेळेत.

१५ मार्च, सकाळी ९
काल उजव्या डोळ्याची तपासणी झाली, वाचायची परवानगी मिळाली. टॅब्लेट काढला. आठ इंच. अक्षर असे की सुईने कोरावे. शोरूममध्ये जाऊन अकरा इंचीही पाहिला. दोन्हींत मला फरक करता आला नाही. विक्रेत्याने आईची प्रकृती उत्तम असल्याचे न विचारता सांगितले.

मग ही रोजनिशी उघडली. निर्णयाची कारणमीमांसा एकदा सलग तपासावी, हा हेतू.

वाचता येत नाही. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ५ तारखेची नोंद ३ च्या अंगावर आहे, १६ तारीख समासातून बाहेर जाऊन बहुधा टेबलावर पूर्ण झाली आहे. शाई काळीभोर, कागद पांढराशुभ्र, डोळा नवा. दोष कोणावर ढकलायचा, हे सुचत नाही.

अखेर अनुमानाने वाचून काढली. प्रत्येक नोंदीत माझेच म्हणणे बरोबर निघाले.

हिने विचारले, अहो, द्या इकडे, मी वाचून दाखवू का? नको म्हणालो.